वाचकांचे प्रश्न : ५६ डिग्रीचा दिवस आणि आकडे सांभाळणारी माणसं

मागच्या अंकात मी थोडक्यात लिहिलं होतं की पुण्यात सव्वीस वर्षं हवामानबदलावर काम करून आता मी परत नागपूरला, आमच्या महाल भागातल्या घरी राहायला आलेय, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मिळून इतके प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून जे पुन्हा पुन्हा आले तेवढे घेतलेत. नावं देत नाहीये, गाव किंवा मोहल्ला तेवढा दिलाय.

प्रश्न (प्रतापनगर, बँकेत नोकरी) : मॅडम, ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ डिग्री तापमान झाल्याची बातमी सगळीकडे होती, आमच्या ऑफिसात तर स्क्रीनशॉट फिरत होते. नंतर सांगितलं की मशीन बिघडलं होतं. लोक म्हणतात खरा आकडा दाबला. खरं काय आहे?

उत्तर : दाबला नाही हो, आकडा चुकीचाच होता. का ते जरा सविस्तर सांगते, कारण या एका गोष्टीत आमचं अर्धं काम येतं.

त्या दिवशी शहरात आणि आसपास चार स्वयंचलित हवामान केंद्रं होती. एकाने ५६ दाखवलं, दुसऱ्याने ५४, आणि उरलेल्या दोघांनी, सोनेगाव आणि रामटेकने, ४४ च्या आसपास. आता एकाच शहरात, एकाच दुपारी, तेच कोरडं ऊन असताना काही किलोमीटरवर बारा डिग्रीचा फरक पडत नाही. सिमेंटचे रस्ते, झाडं तोडलेली, बाजूला तळं नाही, अशाने दोन-चार डिग्री इकडेतिकडे होतं, बारा नाही. आणि भारतात आजवर नोंदलेलं सगळ्यात जास्त तापमान राजस्थानातल्या फलोदीचं आहे, १९ मे २०१६ चं, ५१ डिग्री. जगातलं अधिकृत सगळ्यात जास्त म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचं, १० जुलै १९१३ चं ५६.७. नागपूरचा आपला स्वतःचा रेकॉर्ड मे २०१३ मधला ४७.९ चा. एखादं केंद्र जुना रेकॉर्ड एकदम आठ डिग्रीने मोडतंय असं दिसलं तर आधी यंत्र उघडून बघायचं, आकाशाकडे नंतर. हवामान खात्याने तेच केलं आणि सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं.

मी बीएस्सीला असताना आमच्या सरांनी आम्हाला वेधशाळा दाखवायला नेलं होतं. मला वाटलं होतं मोठमोठी यंत्रं असतील, आणि तिथे गवतात चार पायांवर उभं एक पांढरं लाकडी खोकं, खिडकीच्या झिलमिलीसारख्या तिरप्या पट्ट्यांचं, म्हणजे वारा आत जाईल पण ऊन जाणार नाही. त्याला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. दार उत्तरेकडे, उघडलं तरी सूर्य आत पडू नये म्हणून. आत चार तापमापी, दोन उभ्या, दोन आडव्या. तिथल्या काकांनी आम्हाला बाजूला उभं केलं आणि म्हणाले, श्वास लांब ठेवा, पारा तुमच्या श्वासाने चढतो. मग डोळा बरोबर पाऱ्याच्या टोकाच्या रेषेत आणून पटकन वाचलं, लिहिलं, दार लावलं. दशांशापर्यंतचा आकडा. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण पेपरात जे तापमान वाचतो त्याच्यामागे एक माणूस श्वास रोखून उभा असतो.

आणि शंका घेण्याचं म्हणाल तर लिबियाची गोष्ट ऐका. तिथल्या अल अझीझिया गावात १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ डिग्री नोंदलं गेलं, नव्वद वर्षं तो जगाचा रेकॉर्ड म्हणून पुस्तकात छापला गेला. पुढे शास्त्रज्ञांनी जुनी मूळ रजिस्टरं काढली, बघितलं की त्या दिवसांत नोंद घेणारा माणूस नवा होता, बहुतेक तो तापमापीतल्या सरकत्या खूण-दांडीचं चुकीचं टोक वाचत होता, सात डिग्रीची चूक. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो रेकॉर्ड रद्द केला. ज्यांना तापमान वाढल्याचा आरडाओरडाच करायचा असता त्यांनी हा आकडा सोडला असता का, तुम्हीच विचार करा.

प्रश्न (सक्करदरा) : नवतपा शास्त्रीय आहे की नुसती समजूत?

उत्तर : नवतपा म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस. यात निरीक्षण पक्कं आहे. नागपूर साधारण २१.१५ अक्षांशावर आहे, आणि सूर्य २६ मेच्या आसपास बरोबर आपल्या डोक्यावर येतो, भर दुपारी उभ्या काठीची सावली पायाखाली गायब होते. नवतपा २५ मेला लागतो. पाऊस अजून यायचा असतो, जमीन तापून कोरडी झालेली असते. आपल्या पणजोबांनी हे कॅलेंडरशिवाय, नक्षत्रावर पकडलं होतं. फक्त नवतपा तापला की पाऊस चांगलाच होतो, हे मात्र नोंदींवर तपासल्याशिवाय धरून चालू नका.

प्रश्न (मानेवाडा, गृहिणी) : मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरसमोर झोप लागते आणि जूनमध्ये ३८ असलं तरी जीव नकोसा होतो, हे काय गौडबंगाल आहे? मोबाईलवर तर ३८ म्हणजे कमी दिसतं ना.

उत्तर : काकू, तुम्ही जे अंगाने ओळखलंत ते त्या खोक्यातली दुसरी उभी तापमापी मोजते. तिच्या गोळ्याला मलमलचं पातळ कापड गुंडाळलेलं असतं, त्याची वात खाली पाण्यात. पाणी उडतं, गोळा थंड होतो. तुमचा कूलर तेच करतो, फरक एवढाच की मलमलच्या जागी ताट्या. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि थंडावा मिळतो. साधा हिशोब बघा, ४५ डिग्री आणि हवेत दमटपणा १५ टक्के असेल तर ओली तापमापी साधारण २४ दाखवते. ३८ डिग्री आणि ६० टक्के दमट असेल तर ती ३१ च्या आसपास जाते. तुमचं अंग घामाने थंड होतं, आणि घाम म्हणजे ती ओली वात. म्हणून ३८ चा दिवस जास्त घातक असू शकतो. ओली तापमापी ३५ पर्यंत गेली तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसून, पाणी पिऊन काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, आणि म्हातारी माणसं, उन्हात काम करणारे मजूर यांना तर त्याच्या पुष्कळ आधीच त्रास सुरू होतो. घरात सासूबाई-सासरे असतील तर जूनमध्ये कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा आणि खिडक्या उघड्या ठेवा, बंद खोलीत कूलर दमटपणा वाढवतो. रात्री हवा हलती हवी.

प्रश्न (काटोल, संत्रा आणि कापूस) : ताई, उद्याचा पाऊस तुमाले सांगता येत नाही अन् पन्नास वर्षानं किती गरम होईन ते सांगता. आमी भरोसा काऊन ठेवाचा? मागच्या साली दुबार पेरणी करा लागली.

उत्तर : भाऊ, तुमचा राग खरा आहे, दुबार पेरणीत बियाणं पण जातं, खत पण जातं आणि हंगाम पण मागे पडतो. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत हो. तुमच्या बागेत कोणत्या फांदीवरचं कोणतं संत्रं गळणार हे तुम्ही सांगू शकाल का? नाही. पण ताण (बहारासाठी झाडाचं पाणी तोडणं) नीट बसला नाही, किंवा मुळाशी पाणी साचलं, तर फळगळ वाढणार हे तुम्ही छातीठोक सांगता आणि ते बरोबर निघतं. उद्या ढग काटोलवर बरसेल की बाजूच्या नरखेडवर, हे त्या एका फळासारखं आहे. हवा चंचल, सकाळच्या मोजमापात जरा चूक राहिली की ती रोज वाढत जाते, म्हणून दहा-बारा दिवसांपलीकडे गावापुरतं सांगणं फार कठीण. पन्नास वर्षांची सरासरी हा फळगळीसारखा हिशोब आहे, सूर्याकडून उष्णता किती आली, किती परत गेली, मधे हवेने किती अडवून ठेवली.

हा हिशोब पहिल्यांदा कॉम्प्युटरवर नीट बसवला स्युकुरो मानाबे यांनी. १९३१ चा जन्म, जपानच्या एहिमे भागातल्या एका खेड्यात, घरात वडील-आजोबा डॉक्टर. १९५८ मध्ये अमेरिकेत गेले. १९६७ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी सगळी पृथ्वी न घेता हवेचा एकच उभा खांब घेतला, जमिनीपासून पार वरपर्यंत, तेव्हाचा कॉम्प्युटर तेवढंच झेपवू शकत होता. त्यात उष्णता अडवून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर जमिनीलगत साधारण २.३ डिग्री वाढ निघाली, आणि वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटोस्फियर, उलट थंड झाला. भाऊ, ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. कारण लोक म्हणतात सूर्यच जास्त तापलाय, पण सूर्य तापला असता तर वरचा थर पण गरम व्हायला हवा होता. नंतर बलून सोडून, उपग्रहाने मोजलं तर वरचा थर थंडच होत गेलेला दिसला. मानाबे यांना २०२१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. आणि कार्बन डायऑक्साइड म्हणाल तर १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय.

पण मला कळतंय तुम्हाला पेरणीचं उत्तर हवंय, नोबेलचं नाही. आपल्याकडे या कामात ज्यांचं नाव मी फार आदराने घेते त्या सुलोचना गाडगीळ, पुण्यात १९४४ ला जन्मलेल्या, हार्वर्डला पीएचडी करून परत आल्या आणि पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्य मान्सूनला दिलं. डी. आर. सिक्का यांच्यासोबत त्यांनी उपग्रहाच्या फोटोंवरून दाखवलं की विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा कसा सरकत सरकत आपल्यावर येतो. मला त्याहून जास्त भावलं ते त्यांचं आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरकडचं काम. कोरडवाहू भुईमूग लावणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून, त्यांचे प्रश्न घेऊन, पावसाच्या जुन्या नोंदी आणि पिकाचं मॉडेल जोडून त्यांनी बघितलं की कोणत्या आठवड्यात पेरलं तर कोरडा खंड पिकाच्या नाजूक दिवसांत येण्याची शक्यता कमी. म्हणजे उद्या पाऊस येईल का असं न विचारता, शंभरातून किती वर्षं फसेल असं विचारायचं. तुमच्यापुरतं सांगायचं तर पहिल्या सरीवर पेरू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेली की मगच. मृग लागला म्हणून घाई नको. शेजाऱ्याने पेरलं म्हणून तर नकोच नको.

प्रश्न (वर्धमाननगर) : तुम्ही दिवसभर ऑफिसात नेमकं करायच्या काय? आकाशाकडे बघत बसायच्या का?

उत्तर : आकाशाकडे फार कमी. स्क्रीनकडे जास्त. आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसं असतात, एक जी मॉडेल, म्हणजे हवामानाचा कॉम्प्युटरवरचा हिशोब, चालवतात आणि दुसरी जी नोंदी तपासतात, मी दुसऱ्या गटातली. मॉडेलवाल्यांचं आयुष्य सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत जातं, हिशोबाचा जॉब टाकला, रात्री बंद पडला, सकाळी येऊन परत टाकला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ ला प्रत्यूष नावाचा सुपरकॉम्प्युटर आला, २०२४ ला त्याहून मोठा अर्क आला. तिथेच आपल्या देशाचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल, म्हणजे हवा, समुद्र, जमीन सगळं एकत्र धरणारं, तयार झालं आणि त्याचे निकाल हवामानबदलाच्या जागतिक अहवालासाठी गेले, त्या दिवशी कँटीनमध्ये पेढे वाटले होते ते मला आठवतंय.

माझ्या कामाची एक गोष्ट सांगते. मध्य भारतातल्या एका तालुक्याच्या गावची पावसाची रोजची नोंद मी तपासत होते, चाळीसेक वर्षांची. मला अतिवृष्टीचे दिवस मोजायचे होते, आणि या गावात ते झपाट्याने वाढलेले दिसत होते. लेख लिहून झाला होता, आकृत्या सुद्धा काढून झाल्या होत्या. एका संध्याकाळी सहज वारांप्रमाणे आकडे लावून बघितले तर एका ठराविक वर्षापासून पुढे रविवारी पाऊसच नाही. एकही नाही, भर जुलैमध्ये सुद्धा नाही. आणि सोमवारी भरपूर. मला दरदरून घाम फुटला. पावसाचं माप सकाळी साडेआठला घेतात, चोवीस तासांचं. रविवारी सुट्टी म्हणून कुणी माप घेत नव्हतं, तिथे शून्य लिहिलं जात होतं आणि सोमवारी भांड्यात साचलेला दोन दिवसांचा पाऊस एकाच दिवसाच्या नावावर. माझ्या अर्ध्याअधिक "अतिवृष्ट्या" सोमवारच्या होत्या. लेख मागे घेतला. पुढचे सहा महिने त्या भागातल्या सगळ्या केंद्रांचे वार तपासण्यात गेले, त्यासाठी मूळ रजिस्टरं बघायला मी त्या गावांत फिरले. एका केंद्रावर मात्र निळ्या शाईतलं इतकं सुंदर रजिस्टर मिळालं, दिवाळीच्या दिवशीची नोंद आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "रात्री गारा, लिंबाएवढ्या, दहा मिनिटे." सही आहे. ते कोण होते मला माहीत नाही, पण त्यांच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि ते आकडे शेजारच्या केंद्रांशी बरोबर जुळले.

अशी साफसफाई अनेकांनी अनेक वर्षं केली म्हणून आज सांगता येतं की मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये साधारण ७५ टक्क्यांनी वाढल्या. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात हे आहे. गरम हवेत बाष्प जास्त मावतं, डिग्रीमागे साधारण ७ टक्के, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र तुम्हाला सांगायला नको, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या घरात. १०० मिलिमीटर म्हणजे केवढं ते डोळ्यासमोर येत नाही म्हणून सांगते, हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवर नऊ हजार लिटरच्या वर पाणी. आता पूर्ण मोहल्ल्याच्या गच्च्या मोजा, सिमेंटचे रस्ते मोजा, आणि ते पाणी जिरायला माती किती उरली तेही मोजा.

प्रश्न (वर्धा रोड, निवृत्त शिक्षक) : दुष्काळ आणि पूर पूर्वीही येतच होते. मग आत्ताच एवढा गाजावाजा का? शंभर वर्षांपूर्वीचं तुम्हाला कसं कळणार?

उत्तर : सर, शंभरच काय, हजारो वर्षांपूर्वीचं कळतं, आणि ते आपल्या बुलडाणा जिल्ह्यातच पुरून ठेवलेलं आहे. लोणारच्या सरोवराला बाहेर जायला वाटच नाही, पाणी येतं ते आटतं किंवा मुरतं, आणि गाळ एकावर एक बसत जातो. शास्त्रज्ञांनी तळातून साधारण दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला, तो जवळजवळ अकरा हजार वर्षांचा निघाला. त्यातल्या काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. हे खनिज पाणी फार आटून खारट झालं की तयार होतं, म्हणजे तो थर दुष्काळाचा. साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी मध्य भारतात लांबलचक कोरडे काळ होऊन गेले असं त्यातून दिसलं. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबरच आहे, दुष्काळ आधीही होते, आणि ते शोधून काढणारे हेच लोक आहेत. म्हणूनच त्यांना निसर्गाचं नेहमीचं खालीवर होणं आणि आजचा बदल यांतला फरक सांगता येतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे मोजले तर गेल्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १८० ते ३०० भागांच्या मधेच खालीवर होत राहिला. मघाशी काटोलच्या भाऊंना सांगितलेला आजचा आकडा त्याच्याशेजारी ठेवून बघा सर.

प्रश्न (बेसा, बारावी सायन्स) : मॅम, मला क्लायमेट सायंटिस्ट व्हायचंय. घरचे म्हणतात इंजिनिअरिंग कर, यात नोकरी नाही. गणित बरं आहे, बायो आवडत नाही.

उत्तर : बेटा, बायोची गरज पडेलच असं नाही, गणित आणि फिजिक्स मात्र मनापासून कर. बीएस्सी फिजिक्स किंवा गणित घे, आपल्याकडे विज्ञान संस्थेत, हिस्लॉपला होतं, मग पुणे विद्यापीठात किंवा कोचीनला वातावरणशास्त्रात एमएस्सी, किंवा इंजिनिअरिंग करूनही पुढे आयआयटी, भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाला जाता येतं, तर घरच्यांशी भांडायची गरज नाही. नेटमधून जेआरएफ मिळाली किंवा गेट पास करून पीएचडीला प्रवेश मिळाला की फेलोशिप मिळते, २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये. पायथन आत्तापासून शिक. आई-बाबांना हेही सांग की विमा कंपन्या, वीज, पाणीपुरवठा, शेती, सगळीकडे ही माणसं लागायला लागलीत.

आणि अ‍ॅना मणी यांच्याबद्दल वाच. केरळच्या, १९१८ चा जन्म. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर प्रबंध लिहून दिला, पण एमएस्सी नाही म्हणून विद्यापीठाने पीएचडी दिलीच नाही. त्या थांबल्या नाहीत, इंग्लंडला जाऊन हवामानाची यंत्रं शिकून आल्या आणि १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी तापमापी सुद्धा बाहेरून यायची. त्यांनी शंभरेक यंत्रांचे आराखडे प्रमाणित करून ती इथे बनवायला लावली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. आज सोलर पॅनल लावताना कुठे किती ऊन मिळतं हे आपण बघतो, त्याचा पाया त्यांनी देशभर बसवलेल्या मोजमापात आहे. फेलोशिपचे पैसे कधी कधी उशिरा येतात, कोड चालत नाही, गाइड ओरडतात, हे सगळं होईल. तरी ये.

प्रश्न (लक्ष्मीनगर) : रोज हेच आकडे बघून निराशा येत नाही का?

उत्तर : येते. २०२४ हे १९०१ पासूनचं भारतातलं सगळ्यात गरम वर्ष ठरलं, तो आलेख बघितला त्या रात्री मला झोप लागली नाही, मुलीचा विचार येत होता. पण एक गोष्ट मी स्वतःला आठवून देते. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं, तेही भयंकर होतं, पण चार-पाच दिवस आधी नेमकं सांगता आलं, जवळजवळ दहा लाख लोकांना हलवलं, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या वर्षांत कुणीतरी बलून सोडले, कुणीतरी कोड दुरुस्त केला, कुणीतरी गावोगाव निवारे बांधले. अहमदाबादने २०१३ ला उष्णतेचा कृती आराखडा केला, नंतर आपल्या नागपूरनेही केला. उन्हाळ्यात दुपारी बागा उघड्या ठेवणं, दवाखान्यात वेगळे बेड, मजुरांच्या कामाच्या वेळा बदलणं, हे त्यातलंच. या गोष्टी खरोखर अमलात येतायत का यावर मात्र आपण सगळ्यांनी नगरसेवकाला धरून बसलं पाहिजे, दर उन्हाळ्यात, एप्रिलच्या आधी.

प्रश्न (नंदनवन, सातवीतला मुलगा) : आजी, मला घरी पाऊस मोजता येईल का?

उत्तर : येईल राजा, आणि चांगला येईल. सरळ उभ्या बाजूंचा डबा घे, वर-खाली एकसारखा रुंद, तोंड निमुळतं नको. गच्चीवर किंवा अंगणात उघड्यावर ठेव, भिंत किंवा झाड जेवढं उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे आडोसा लागणार नाही. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती दोन विटा लाव. रोज सकाळी बरोबर साडेआठला फूटपट्टी सरळ उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते वाच, डोळा पाण्याच्या रेषेत आण, मग पाणी ओतून डबा पुसून परत ठेव. वहीत तारीख, आकडा आणि शेरा असे तीन रकाने कर. शेऱ्यात जे दिसलं ते लिही, गारा, वीज, वारा कुठून आला, नाल्याला पाणी कुठपर्यंत आलं. डबा कधी लवंडला तर अंदाजाने आकडा टाकू नको, लवंडला असंच लिही. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, पण आधी गच्चीवर जाऊन डब्यात बघून मगच. रविवारीसुद्धा.